कुरडईची तिखट भाजी

 

मागच्या बैठकीत एक मुलगी म्हणाली, "ताई, नूडल्स काय आपल्या नाहीत, त्या चायनीजच्या गाडीवरच्या." त्या दिवशी माझ्या डब्यात कुरडईची भाजी होती. डबा फिरवला. लांब लांब, मऊ, लालभडक तिखट. खाऊन ती म्हणाली, "ह्या तर नूडल्सच!" आपण कुरडई फक्त तळून खातो, म्हणून तिची ही दुसरी ओळख आपल्याकडे फारशी नाही.

ही भाजी मूळची घाटावरची. खानदेशात आणि मराठवाड्यात ती घरोघरी होते. मला शिकवली ती आमच्या शेजारच्या धुळ्याकडच्या बाईंनी. तिकडे गहू पिकतो. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका एकत्र येऊन कुरडया घालतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चोथ्याचे सांडगे घालतात, नाहीतर तो गुरांना जातो. रात्रभरात चीक खाली बसतो. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात चीक ओतून गुठळी न होऊ देता शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून काढायचा. शिजलेला चीक खायला पोरं वाटी घेऊन उभीच असतात. कामाचा निम्मा आनंद तिथेच.

लग्नाच्या रुखवतात रंगीत कुरडया मांडतात, सणाला तळून पानात वाढतात. पण डब्याच्या तळाशी चुरा उरतो. पावसाळ्यात शेताकडची भाजी संपली, बाजाराला जाता येत नाही, तेव्हा त्याच चुऱ्याची भाजी होते. म्हणजे ही मिरवायची वस्तू नाही, अडचणीच्या दिवसांची आहे.

आणि साच्यातून दाबून काढणं काही नवं नाही. साधारण १०२५ साली चावुंडरायाने कन्नडमध्ये 'लोकोपकार' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात शेवया आणि त्या काढायच्या साच्याची माहिती आहे. मालवणकडचे शिरवाळे, केरळातलं इडिअप्पम ही त्याच घरातली भावंडं, फक्त तांदळाची. शिरवाळे नारळाच्या गोड रसात खातात, कुरडई मात्र तिखटात जाते.

आता भाजी सांगते. कुरडयांचा चुरा गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बोटाने दाबल्यावर मधे कडक लागला नाही की लगेच निथळा, जास्त ठेवला तर लगदा होतो. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा. मग हळद, लाल तिखट, हवी तर आपल्या वाडीतली हिरवी मिरचीही. चुरा टाकून हलक्या हाताने परता, दाण्याचं कूट घाला, झाकण ठेवून एक वाफ काढा. मीठ शेवटी, चाखून. कुरडईत आधीच असतं.

विकायचं म्हणाल तर आमच्या गटाची फजिती आधी ऐका. मागच्या वर्षी मे अखेरीला पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्या. समुद्राकडची हवा, त्यात आभाळ आलं. वरून वाळल्या, आतून ओल्या राहिल्या. आम्ही घाईने पिशव्या बांधल्या आणि आठ दिवसांत बुरशी. एक मावशी म्हणाल्या, तळून टाकू, काय होतंय. नाही म्हटलं. बुरशी तळून जात नाही. सगळ्या फेकल्या, गहू आणि चार बायकांचे पाच दिवस गेले. बैठकीत हिशेब सांगताना माझी मान खाली होती.

या वर्षी मार्चमध्येच घातल्या, त्याही थोड्या, आणि अर्ध्या तांदळाच्या. तांदूळ आपल्या घरचा, गहू विकत आणावा लागतो. सलग तीन दिवस कडक ऊन दिलं. मोडून पाहिली, कट्‌ असा आवाज आला तरच डब्यात. तांदळाची कुरडई लवकर मऊ पडते, म्हणून भाजीला पाच मिनिटंच भिजवायची.

अख्ख्या कुरडया तळणासाठी गेल्या. चुऱ्याची पाकिटं आम्ही वेगळी केली आणि प्रत्येकात भाजीची कृती लिहून चिठ्ठी टाकली. चिठ्ठी नसती तर मोडका माल म्हणून गिऱ्हाईकाने भाव पाडला असता. सातवीतल्या मुलींनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून दिल्या, त्यांना पहिली कढई खाऊ घातली.