खांद्याचा ‘फोटो’ : एक्स-रे, सोनोग्राफी की एमआरआय?



उसाची मोळी ट्रॉलीवर चढवताना, सरकीचे पोते उचलताना किंवा बैलाने कासऱ्याला हिसका दिल्याने खांदा दुखावणे आपल्याकडे नवे नाही. एक्स-रे निघतो, अन् घरी निरोप जातो, “हाडाले काई झालं नाई, मालीश करा.” घोटाळा होतो तो इथेच.

खांद्याभोवती चार स्नायू असून त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला वेढून असतात. हात वर नेताना त्याच सांधा सांभाळतात. अशी कंडरा तुटली तरी एक्स-रे साफ येऊ शकतो. राँटजेन यांनी १८९५ साली शोधलेल्या या किरणांनी हाड मोडले का, सांधा निखळला का, एवढे कळते. तरीही पहिली तपासणी तीच. स्वस्त आणि झटपट.

सोनोग्राफीत ध्वनिलहरींनी, हात हलवत हलवत कंडरा पाहता येते. खर्च बेताचा. जाणत्या हाती पूर्ण तुटलेली कंडरा ओळखण्यात ती एमआरआयच्या तोडीस येते. मात्र सांध्याच्या आतले तिला नीट दिसत नाही. शिवाय पोटाची सोनोग्राफी करणारे सारेच खांद्याची करतात असे नाही. आधी विचारून घ्यावे.

एमआरआय चुंबकावर चालते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. कंडरा किती मागे सरकली, स्नायू वाळून त्यात चरबी भरली का, हे ती दाखवते. म्हणून शस्त्रक्रिया ठरवताना ती उपयोगी. खर्च मोठा. अंगात पेसमेकर असल्यास आधी सांगावे.

पण नुसत्या चित्रावर जाऊ नये. साठीपुढच्या पुष्कळांच्या खांद्यात काही दुखत नसतानाही फाट सापडते. डॉक्टरांनी हात तपासल्यावरच पुढची तपासणी ठरवावी. बरेच खांदे विश्रांती व व्यायामानेही सुधारतात.

मात्र हिसक्यानंतर हात वर जातच नसेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. तुटलेला स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते. मग टाके घालूनही पूर्वीचे बळ येईलच असे नाही. अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठा, आणि जुने फोटो सोबत न्या. मजुरीचा दिवस बुडेल, पण हात वाचेल, असे आमचे सांगणे आहे.