रंगाचा इशारा, रंगाची थाप

मुलांनो, शिरूरहून दौंडकडे जाताना रस्त्याच्या कडेला काय काय दिसतं? कुठे उसाचे फड, कुठे ज्वारीचं नाहीतर कांद्याचं रान आणि मधूनमधून मोकळा माळ. या माळावर कुणी न लावता उगवणारं झुडूप म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच ही. शेळ्या इतर पाला ओरबाडतात, पण रुईला सहसा तोंड लावत नाहीत. तिचा पांढरा चीक कडू आणि विषारी असतो.

एक सुरवंट मात्र हीच पानं मजेत खातो. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेला हा पठ्ठ्या चिकातली काही विषारी द्रव्यं अंगात साठवून ठेवतो. पुढे त्याचं फुलपाखरू होतं. त्याचं नाव बिबळ्या कडवा. नारिंगी पंख, काळी टोकं आणि त्या टोकांवर पांढरे ठिपके. उडतं तेही अगदी सावकाश, जणू कुणाची भीतीच नाही! एखाद्या नवख्या पक्ष्यानं त्याला चोचीत धरलं, की तोंड कडू. पक्षी ते टाकून देतो. फुलपाखराचं अंग चिवट असल्यामुळे ते पुष्कळदा जिवंत सुटतं आणि पक्ष्याला जन्माचा धडा मिळतो.

गावातल्या डीपीवर लाल कवटीचं चित्र असतं ना? भडक रंग म्हणजे तशीच धोक्याची पाटी. भडक सुरवंटांचं हे कोडं चार्ल्स डार्विनलाही पडलं होतं. रंग जोडीदाराला भुलवण्यासाठी म्हणावेत, तर सुरवंटाला जोडीदारच नसतो. मग एवढा थाट कशाला? १८६७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस यानं उत्तर सुचवलं : तो थाट शत्रूला सावध करण्यासाठी आहे.

आता गंमत ऐका. याच माळावर छोटा चांदवा नावाचं आणखी एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, त्यावर पांढरे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी! तिचा सुरवंट घोळ खातो. हो, आपण जिची भाजी करतो तीच घोळ. म्हणजे हिच्या अंगात कडव्याचं विष नाही, नुसता त्याचा वेश आहे. पोलिसाचा वेश घालून दारात येणारा बहुरूपी आणि ही, दोघं एकाच जातीचे म्हणा ना! अशा सोंगाचा उलगडा पहिल्यांदा हेन्री वॉल्टर बेट्स यानं केला. त्यानं ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढली आणि १८६२ साली आपलं म्हणणं छापलं.

तुम्ही म्हणाल, या मादीला एवढी अक्कल आली कुठून? अक्कल नाही हो. फार पूर्वी काही माद्या योगायोगानं कडव्यासारख्या थोड्याशा दिसत असतील. पक्षी फसले, त्या वाचल्या. त्यांच्या पिल्लांत तो रंग उतरला. त्यांतही ज्या जास्त सारख्या, त्या जास्त वाचल्या. असं हजारो पिढ्या चाललं. पण एक अट आहे. गावात वर्षाकाठी एखादा बहुरूपी आला, तर लोक दचकतात. रोज दहा आले, तर कोण घाबरेल? सोंगाड्यांची संख्या फार वाढली, की पक्ष्यांनाही थाप कळते.

साप हे सोंग आणतात, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होतं. मण्यार अतिशय विषारी. काळ्या चकचकीत अंगावर पांढरे बारीक पट्टे. कवड्या हा बिनविषारी साप, पण तोही पट्टेवालाच आणि तोही रात्रीच फिरणारा. मण्यारीसारखं दिसल्यामुळे शत्रू कवड्याच्या वाटेला जात नाहीत, असं अभ्यासक मानतात. पाली खायला तो घरात शिरतो आणि माणूसही फसतो. पण आपण लांब न जाता काठी उचलतो! ज्या रंगानं त्याला वाचवायचं, तोच त्याच्या जिवावर उठतो.

म्हणून ‘हा कवड्याच’ म्हणून हात लावायचा नाही आणि ‘ही मण्यारच’ म्हणून मारायचंही नाही. लांब उभं राहायचं, मोठ्या माणसांना सांगायचं, सर्पमित्राला बोलवायचं. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर झोपू नका. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. दंशाची नुसती शंका आली, तरी मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथेच मिळतं.

आता एक काम. पावसाळा सरला, की रुईपाशी थोडा वेळ थांबा. नारिंगी फुलपाखरू दिसलं, तर त्याच्या मागच्या पंखांवरचे काळे ठिपके मोजा. एका पंखावर मधोमध तीन-चार असतील, तर तो बिबळ्या कडवा. वरच्या कडेला एकच असेल, तर ती सोंगाडी छोटा चांदवा! आणि हो, रुईचा चीक हाताला लागला, तर डोळे चोळू नका. आधी हात स्वच्छ धुवा.