दुर्गम मार्गावरील धोक्याचे मापन : बर्ड्सव्हिल मार्गाच्या अनुषंगाने

परदेशातील आडमार्गाने जाणाऱ्या प्रवाशाने धोक्याचा अंदाज कसा बांधावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु अपघाताची संभाव्यता आणि त्याचा परिणाम यांच्या संबंधाविषयीचा एक महत्त्वाचा मुद्दा त्याच्या मुळाशी आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील बर्ड्सव्हिल मार्गावर हा संबंध फारशा गुंतागुंतीविना दिसून येतो. म्हणून त्याच्या आधारे येथे विवेचन केले आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी या गावापासून क्वीन्सलंडमधील बर्ड्सव्हिलपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे ५२० किलोमीटर लांबीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरांचे कळप मरीच्या रेल्वेस्थानकापर्यंत हाकून नेण्यासाठी तो वापरात आला. आज तो बऱ्यापैकी निगा राखलेला खडी-मातीचा रस्ता असून कोरड्या हवेत त्यावरून मोटार चालविणे विशेष कठीण नाही. मरीपासून सुमारे २०० किलोमीटरवर मंगेरॅनी येथे पेट्रोल मिळते. त्यापुढे बर्ड्सव्हिल येईपर्यंत ते मिळत नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये याच भागात एका कुटुंबातील पाचही जण तहानेने मृत्युमुखी पडले. त्यांच्या मोटारीतील पेट्रोल संपले होते, आणि पुढे ते मोटार सोडून निघाले. पेट्रोल संपणे ही घटना कोणत्याही शहरात रोज घडते व तिचा परिणाम अर्ध्या तासाच्या खोळंब्यापलीकडे जात नाही. ऐन उन्हाळ्यात बर्ड्सव्हिल मार्गावर तिचा परिणाम मृत्यू झाला. अर्थात् दुर्गम मार्गावर बिघाडाची संभाव्यता फारशी वाढली नाही, तरी मदत येईपर्यंतचा काळ वाढतो आणि तोच परिणामाची तीव्रता ठरवितो. रस्ता किती वाईट आहे, याआधी मदत किती तासांनी येईल, हे विचारावयास हवे.

हा प्रतीक्षाकाळ तीन घटकांचा बनलेला असतो : प्रवासी अडकला आहे हे कोणाच्या तरी लक्षात येणे, तो नेमका कोठे आहे हे कळणे, आणि मदत तेथवर पोहोचणे. जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्लॉनकरी येथे सुरू झालेल्या विमान-वैद्यकीय सेवेने तिसरा घटक कमी केला. आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये प्रचारात आणलेल्या पायडलच्या रेडिओने पहिला. उपग्रहामार्फत संकटसंदेश देणारे आजचे यंत्र पहिले दोन्ही घटक जवळजवळ नाहीसे करते. तिसरा मात्र उरतोच.

तेवढ्या काळात शरीर किती तग धरील? एडवर्ड ॲडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील मानवी शरीरक्रियेविषयी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे गणित आढळते. सावलीतील कमाल तापमान सुमारे ४९ अंश सेल्सिअस असता, पाण्याविना स्वस्थ पडून राहणारा मनुष्य अंदाजे दोन दिवस जगतो. जवळ चार लिटर पाणी असल्यास ही मुदत जेमतेम अर्ध्या दिवसाने वाढते. भर उन्हात चालू लागल्यास तासाला लिटरभर घाम सहज जातो. मोटार सोडू नये, या सल्ल्यामागे हेच गणित आहे. मोटारीत सावली असते, आणि विमानातून शोधणाऱ्यास एकट्या माणसापेक्षा मोटार कितीतरी सहज दिसते.

असे असता प्रवाशाची भीती सहसा दुसरीकडेच असते. ऑस्ट्रेलिया म्हटले की साप, कोळी, फार तर मगर आठवते. ज्याचे उदाहरण चटकन सुचते ते अधिक संभवनीय वाटते, ही प्रवृत्ती ट्व्हर्स्की व काहनमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिली. मोकळ्या खडीवर अतिवेगाने उलटणारी मोटार, तिन्हीसांजेला आडवे येणारे कांगारू आणि चालकाचा थकवा या खऱ्या धोक्यांना वृत्तपत्रीय आकर्षण नाही. भारतीय प्रवाशाच्या बाबतीत आणखी एका सवयीची भर पडते. आपल्याकडील आडवळणाच्या घाटातही थोड्या वेळाने एखादी मालमोटार किंवा गुराखी भेटतोच; 'कोणीतरी येईलच' हा त्याचा विश्वास येथील अनुभवातून आलेला असतो व तेथे लागू पडत नाही.

'मी दहा वेळा गेलो, काही झाले नाही', ही साक्षही दिसते तितकी भक्कम नसते. हॅन्ली व लिपमन-हँड यांनी १९८३ मधील आपल्या लेखात चर्चिलेल्या नियमानुसार, परस्परांपासून स्वतंत्र अशा क्ष प्रयत्नांत एकही अपघात न घडल्यास, ९५ टक्के विश्वासमर्यादेत अपघाताचे प्रमाण ३ भागिले क्ष इतके असू शकते. तीस सुखरूप फेऱ्यांचा पुरावा दहात एक अपघाताशीही सुसंगत ठरतो. शिवाय या फेऱ्या एकाच स्थितीतील नसतात. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम व न मोजता येणारी अनिश्चितता यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कूपर क्रीकचे पात्र बहुतेक काळ कोरडे असते. परंतु शेकडो किलोमीटर दूर क्वीन्सलंडमध्ये पडलेल्या पावसाचे पाणी कित्येक आठवड्यांनी, वर आकाश निरभ्र असताना, रस्त्यावर येते. आकाश पाहून धोका ठरविणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा मार्गावरील उपाहारगृहात विचारणाऱ्यास लागतो.

सुरक्षेची साधने वाढली की मनुष्य अधिक धाडस करून त्यांचा लाभ काही अंशी घालवितो, असा युक्तिवाद सॅम पेल्टझमन यांनी १९७५ मध्ये मोटारींसंबंधी केला होता. तो आजही वादग्रस्त आहे. तथापि संकटसंदेशाचे यंत्र घेतले म्हणून पाण्याचे डबे कमी करणाऱ्या प्रवाशापुरता तरी तो खरा मानावयास हरकत नाही.

बर्ड्सव्हिलच्या पश्चिमेस पसरलेल्या सिम्पसन वाळवंटातील राष्ट्रीय उद्यान दक्षिण ऑस्ट्रेलियाचे शासन दरवर्षी १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत बंद ठेवते. त्या मुदतीत तेथील वाटा हिवाळ्यापेक्षा बिघडलेल्या असतातच असे नाही. बंदी उष्म्यामुळे असते.