लपलेली चौकट

मोबाइलच्या पडद्यावरील चौकटींपैकी एक लपवली की मागच्या चौकटी पुढे सरकाव्यात, अशी आपली अपेक्षा असते. त्यामागचे गणित वर्गात कार्डांवर करून पाहता येईल.

हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत यांच्या कार्डांना याच क्रमाने 0 ते 4 क्रमांक द्या. एका ओळीत दोन कार्डे. क्रमांकाला 2 ने भागा. भागाकार ओळ सांगतो, बाकी रकाना. (शून्यापासून मोजणे मुलांना विचित्र वाटते. 1 पासून मोजू द्या, पहिल्या ओळीत एकच कार्ड बसेल!) वसमत 4, म्हणजे तिसऱ्या ओळीत पहिले.

आता कळमनुरी उचला. क्रमांक जुनेच राहिले, तर तिथे भोक पडते. अँड्रॉइडच्या 'ग्रिडलेआउट'मध्ये हेच होते: चौकट 'गॉन' केली की तिची लांबी-रुंदी शून्य होते, पण शेजारीण आपले घर सोडत नाही. म्हणून दिसणाऱ्यांनाच नव्याने 0 ते 3 क्रमांक द्यावे लागतात. वसमत 3 होते आणि दुसऱ्या ओळीत दुसरे बसते.

खरा धोका पुढेच आहे. समजा, हजेरीच्या ॲपमध्ये ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे नाव काही महिने लपवले. ॲप जागेलाच ओळख मानत असेल, तर तिच्यामागच्या प्रत्येकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडेल. तेव्हा जागेचा क्रमांक कार्डावर पेन्सिलने लिहावा, पटावरचा क्रमांक पाठीमागे शाईने. मुलगी परतली की पटाच्या क्रमाने कार्डे लावून पेन्सिलीचे आकडे पुन्हा घालायचे.