आरोग्य संशोधनातील ज्येष्ठ नागरिक : उत्तरदाते ते भागीदार

प्रस्तावना

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजेच एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांत हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक होते. या वाढत्या समूहाच्या आरोग्याचा अभ्यास अलीकडच्या काळात मोठ्या प्रमाणावर होऊ लागला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' या दीर्घकालीन पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती संकलित करण्यात आली. तथापि, ज्येष्ठांवर होणारे संशोधन आणि ज्येष्ठांसोबत होणारे संशोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात ज्येष्ठ व्यक्ती प्रश्नावलीची उत्तरे देते. दुसऱ्या प्रकारात कोणते प्रश्न विचारावयाचे हे ठरविण्यातही तिचा वाटा असतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराची संकल्पना, त्यामागील विचार, भारतीय अनुभव आणि महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

समाजासोबत संशोधन करण्याच्या विचाराचे मूळ साधारणपणे दोन परंपरांत शोधले जाते. कुर्ट लेविन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये 'कृती संशोधना'ची मांडणी केली. ज्ञाननिर्मिती आणि परिस्थितीतील बदल या प्रक्रिया परस्परांपासून तोडता येत नाहीत, हे त्याचे सूत्र होते. दुसरी परंपरा ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांची. शोषितांना केवळ माहितीचा विषय न मानता ज्ञानाचे कर्ते मानावे, असा त्यांचा आग्रह होता. भारतात राजेश टंडन यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या 'प्रिया' या संस्थेने सहभागी संशोधनाची पद्धत रुजविली. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात बार्बरा इस्राएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यामुळे 'समाजाधिष्ठित सहभागी संशोधन' या संज्ञेस निश्चित अर्थ प्राप्त झाला.

सहभाग म्हणजे नेमके काय, हे तपासण्यासाठी शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी आजही उपयुक्त ठरते. शिडीच्या तळाशी नावापुरता सहभाग आहे, ज्यात लोकांना केवळ राजी केले जाते. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व मत विचारणे येते. मात्र निर्णय इतरांच्याच हाती राहतो. वरच्या पायऱ्यांवर निर्णयाधिकाराची प्रत्यक्ष वाटणी होते. एखाद्या प्रकल्पात ज्येष्ठांची बैठक घेतली, चहापान झाले व छायाचित्र काढले, एवढ्यावरून तो सहभागी ठरत नाही. बैठकीमुळे संशोधनाच्या आराखड्यात कोणता बदल झाला, हा खरा निकष होय.

ज्येष्ठांचे ज्ञान कोठे उपयोगी पडते?

भागीदारीचा आग्रह केवळ सौजन्यापोटी धरला जात नाही. संशोधनाची विश्वसनीयता तिच्यावर अवलंबून असते. वृद्धांची कार्यक्षमता मोजणाऱ्या अनेक पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत खुर्चीवरून उठता येते का, असा प्रश्न असतो. ज्या घरात जेवण, पूजा व निवडणे-टिपणे जमिनीवर बसून होते, तेथे मांडी घालून बसता येणे आणि आधाराशिवाय उठता येणे ही खरी कसोटी असते. ही बाब घरातील आजी पहिल्याच बैठकीत सांगू शकते. अन्यथा ती आधारसामग्री गोळा झाल्यानंतर लक्षात येते.

हाच प्रश्न स्मरणशक्तीच्या चाचण्यांत अधिक तीव्र होतो. वाचन, लेखन व अंकगणित यांवर आधारलेली चाचणी निरक्षर व्यक्तीस दिल्यास शिक्षणाचा अभाव हाच आजार म्हणून नोंदविला जाण्याचा धोका असतो. हरियाणातील बल्लभगड परिसरात या कारणासाठी निरक्षर ग्रामीण वृद्धांना अनुरूप अशी हिंदी चाचणी तयार करण्यात आली व ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

जागतिक आरोग्य संघटनेचा 'ज्येष्ठस्नेही शहरे' हा उपक्रमही येथे उल्लेखनीय आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मार्गदर्शिकेसाठी ३३ शहरांत ज्येष्ठांच्या १५८ गटचर्चा घेण्यात आल्या आणि त्यांत १,४८५ ज्येष्ठ सहभागी झाले. भारतातून नवी दिल्ली व उदयपूर या शहरांचा त्यात समावेश होता. पदपथ, वाहतूक, निवास, सन्मान, माहिती व आरोग्यसेवा अशा आठ क्षेत्रांची रचना त्यातून पुढे आली. मात्र अर्नस्टाईन यांच्या शिडीवर हा उपक्रम प्रामुख्याने मत विचारण्याच्या पायरीवर येतो, कारण चर्चेची चौकट आधीच निश्चित केलेली होती.

गोवा व महाराष्ट्रातील अनुभव

जगातील दोन-तृतीयांश स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत राहत असताना त्यांच्यावर दहा टक्के वा त्याहूनही कमी संशोधन होते, या विषमतेवरून '१०/६६' या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाचे नाव पडले. या विषयावरील गोव्यातील काम बोधप्रद आहे. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणात्मक अभ्यासात ज्येष्ठ व समाजातील जाणकार यांच्याशी गटचर्चा करण्यात आल्या. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना परिचित होती, परंतु ती आजार म्हणून नव्हे, तर वार्धक्याचा स्वाभाविक भाग म्हणून पाहिली जात होती. वृद्धांच्या मानसिक त्रासाचे कारण मुलांकडून होणारी उपेक्षा व मायेचा अभाव यांत शोधले जात होते. कुटुंब आपली काळजी घेईलच, याची ज्येष्ठांना वाटणारी शाश्वतीही तेवढी दृढ नव्हती.

लोकांची ही समजूत ठाऊक नसती, तर केवळ रुग्णालयात उपचार केंद्र उघडून भागले असते असे वाटले असते. परंतु जी अवस्था आजारच मानली जात नाही, तिच्यासाठी कोणी रुग्णालयात येत नाही. पुढील काळातील उपक्रम घरापर्यंत पोहोचणारे होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ कुटुंबांचा समावेश होता. प्रशिक्षित स्थानिक सल्लागारांनी घरी जाऊन केलेल्या साहाय्यामुळे काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे त्यात आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत नैराश्याची सौम्य लक्षणे असलेले १८१ ज्येष्ठ सहभागी होते. बिगरतज्ज्ञ समुपदेशकांचे साहाय्य मिळालेल्या गटात ४.४ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १४.४ टक्के व्यक्तींना तीव्र नैराश्य आले. या अभ्यासांत ज्येष्ठ हे पूर्णार्थाने सहसंशोधक होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांचे म्हणणे आधी ऐकल्याने संशोधनाची दिशा कशी ठरते, हे त्यांतून दिसते.

महाराष्ट्रात रजनीकांत व मेबल आरोळे यांचे जामखेड येथील काम (१९७०) आणि अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे गडचिरोलीतील काम यांनी सर्वसामान्य ग्रामस्थ, विशेषतः अल्पशिक्षित स्त्रिया, आरोग्याच्या कामात सक्षम भागीदार होऊ शकतात हे सिद्ध केले. ज्येष्ठांच्या बाबतीतही तेच तत्त्व लागू करण्यास अडचण नसावी.

नैतिक प्रश्न

१) संमती : सर्वेक्षक घरी येतो तेव्हा अनेकदा मुलगा किंवा सून वृद्धाच्या वतीने संमती देऊन उत्तरेही देते. सक्षम प्रौढ व्यक्तीची संमती दुसऱ्यास देता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर व्यक्तीस निःपक्षपाती साक्षीदारासमोर माहिती देऊन तिचा अंगठा घेता येतो. निर्णयक्षमता नसेल तरच कायदेशीर प्रतिनिधीचा विचार करावा.

२) गोपनीयता : भागीदार ज्येष्ठ त्याच गावचा असल्यास शेजाऱ्याच्या घरातील छळ किंवा उपेक्षा त्याला समजू शकते. अशा विषयांवरील मुलाखती गावाबाहेरील प्रशिक्षित व्यक्तीने, एकांतात घेणे योग्य ठरते. भागीदारी म्हणजे प्रत्येक कामात प्रत्येकाचा सहभाग नव्हे.

३) प्रतिनिधित्व : शहरी ज्येष्ठ नागरिक संघांशी संपर्क साधणे सोपे असते, परंतु त्यांचे सक्रिय सभासद बहुधा चालते-फिरते, निवृत्तिवेतनधारक पुरुष असतात. अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे, एकाकी विधवा, ऊसतोडीच्या हंगामात गावी मागे राहिलेले वृद्ध यांचा आवाज तेथे पोहोचत नाही. त्यांच्यासाठी बैठक त्यांच्या दारी न्यावी लागते.

महाविद्यालयांसाठी दिशा

महाविद्यालयांकडे राष्ट्रीय सेवा योजना, दत्तक गाव, विद्यार्थी व विविध विषयांचे अध्यापक उपलब्ध असतात. या आधारावर पुढील क्रम अवलंबिता येईल.

प्रथम, विषय निश्चित करण्यापूर्वीच पाच ते आठ ज्येष्ठांचा सल्लागार गट स्थापन करावा व त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. दुसरे, प्रश्नावलीचा मसुदा या गटासमोर मोठ्याने वाचून कोणते शब्द कळत नाहीत, कोणते बोचतात व कोणता प्रश्न राहून गेला, याची लेखी नोंद ठेवावी. तिसरे, प्रवासखर्च व मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात आरंभीच करावी. ज्येष्ठाचा वेळ विनामूल्य असतो हे गृहीतक सोडून द्यावे. चौथे, मानवी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनास नीतिमत्ता समितीची पूर्वसंमती आवश्यक आहे. महाविद्यालयाची समिती नसल्यास नोंदणीकृत समिती असलेल्या संस्थेशी सहकार्य करावे. पाचवे, निष्कर्ष प्रथम ग्रामसभेत किंवा वस्तीत, सोप्या मराठीत वा स्थानिक बोलीत मांडावेत आणि त्यावरील आक्षेप अंतिम अहवालात समाविष्ट करावेत.

या पद्धतीस वेळ अधिक लागतो, हे मान्य करावे लागेल. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाते तेथे सहा महिने विश्वास संपादन करण्यात घालविणे अध्यापकास परवडत नाही. म्हणूनच हा प्रश्न वैयक्तिक सद्भावनेपुरता न ठेवता संस्थेच्या मूल्यमापनाशी जोडणे आवश्यक आहे.

समारोप

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे 'निरामय वार्धक्याचे दशक' म्हणून घोषित केले आहे. या काळात ज्येष्ठांविषयी माहितीचे ढीग वाढतील यात शंका नाही. वर्षानुवर्षे सर्वेक्षकांना उत्तरे देऊनही त्यांचे पुढे काय झाले हे ज्या गावाला कळत नाही, तेथे पुढील सर्वेक्षकास मिळणारी उत्तरे उपचारापुरतीच असतात. उत्तर देणाऱ्यास प्रश्न ठरविण्याचा अधिकार दिल्यास संशोधन अधिक न्याय्य होते आणि त्याचबरोबर अधिक खरेही होते.