हळकुंडातली दोनशे वर्षं

१८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या रसायनशास्त्रज्ञांनी हळकुंडातून एक पिवळं द्रव्य वेगळं काढलं. तेच करक्युमिन. पाच वर्षांनी याच पेलेतिएने काव्हांतूच्या जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन मिळवलं. क्विनाइन हिवतापावरचं हुकमी औषध झालं. करक्युमिन मात्र रंगाच्या खात्यातच जमा राहिलं.

रंग म्हणून ते गुणी खरंच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. रसायनशाळेतला हळदीचा कागद याच गुणावर अल्क ओळखायचा. करक्युमिनची रचना १९१० मध्ये उलगडली. पुढे १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं, की करक्युमिन जिवाणूंना रोखतं. जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीला यात नवल वाटलं नसतं.

पण आजीची साक्ष पेटंट कार्यालयात चालत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याचं पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं; डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे महासंचालक होते. 'आमच्या घरोघरी ठाऊक आहे' एवढ्याने भागणार नव्हतं, छापील पुरावाच हवा होता. म्हणून जुने ग्रंथ धुंडाळले गेले, १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही सापडला, आणि १९९७ मध्ये त्या पेटंटमधले दावे फेटाळले गेले. हळदीची खरी शान त्या दिवशी होती, असं म्हणायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत मात्र तिची परीक्षा कठीणच ठरली. काचेच्या बशीत करक्युमिन कर्करोगाच्या पेशींनाही नमवतं. पोटात गेलं की रक्तात जेमतेम उतरतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपेरीन दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. एवढ्यावर बाजार धावला. 'पी हळद नि हो गोरी' या म्हणीतली घाई आता कॅप्सूलमध्ये भरलेली!

२०१७ मध्ये अमेरिकी औषधरसायनतज्ज्ञांनी जुन्या चाचण्यांचा हिशेब मांडला. शंभराहून अधिक चाचण्या झाल्या होत्या, पण काटेकोर दुहेरी-अंध चाचणीत यश कुठेच नव्हतं. शिवाय हे द्रव्य स्वतःच चमकतं, कशालाही चिकटतं आणि मापनालाच चकवतं.

२०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद झाली. भाजीतल्या चिमूटभर हळदीवर कुणाचा आक्षेप नव्हता.