लहान मुलाचा श्वास

घरातील लहानग्याला खोकला झाला की आम्ही वडील माणसे खोकल्याच्या आवाजावरूनच दुखण्याची पारख करू लागतो. वस्तुतः धोक्याची सूचना श्वासाच्या गतीवरून अधिक नेमकी मिळते, आणि ती गती सेकंदकाट्याच्या घड्याळावर शाळकरी मुलासही मोजता येते.

मूल शांत असता अंगातील कपडा वर सारून छाती व पोट पाहावे. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला. पूर्ण एक मिनिट मोजावे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक आणि २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० वा अधिक श्वास भरल्यास ती गती जलद होय. खोकल्यासह अशी गती हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, काही पिता न येणे किंवा जागे करूनही गुंगी न उतरणे, यांपैकी एक जरी दिसले तरी मोजणी करीत बसू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे. थकलेल्या मुलाचा श्वास मंदावला म्हणजे उतार पडला, असेही समजू नये. तीही धोक्याचीच खूण असते.

विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडाचा श्वास ते निरोगी असतानाच एकदा मोजून पाहा, म्हणजे आजारपणात गोंधळ उडणार नाही.